नुसते पार्ट बघायचे, त्यात डोक्याला कसला ताप?

तुमचं पत्र दोनदा वाचलं. मुलगा आयटीआय फिटर, चाकणला बुशच्या, म्हणजे यंत्रात बसणाऱ्या नळीसारख्या पार्टच्या, तपासणीवर. आठ महिन्यांत तीनदा रिजेक्ट माल पुढे गेला, मेमो मिळाला, आता नोकरी सोडायची म्हणतो. त्याला पुढे कशाला घालू, असं तुम्ही विचारताय. मी मात्र दुसऱ्याच ओळीवर अडकलो: ‘सोडलीस तर घरी तोंड दाखवू नकोस, असं बजावलंय.’ वर ट्रॅक्टरचा हप्ताही त्याच्याच पगारातून. म्हणजे नाइट शिफ्टला त्या पोराच्या डोक्यात मापाचं गेज, सुपरवायझर, हप्ता आणि बाप असे चौघं उभे. रोज शिफ्टच्या आधी फोन करून ‘नीट काम कर’ म्हणता ना, ते आजपासून बंद करा. त्या फोननं एकही चूक कमी झालेली नाही, हे तुमच्याच पत्रात दिसतंय.

‘बसून पार्ट बघायचे, डोक्याला कसला ताप?’ असं लिहिलंय तुम्ही. तुम्ही शेतकरी. नांगरटीनं अंग मोडतं, पण बांधावर कधी टेकायचं ते तुम्ही ठरवता. त्याला ती मुभा नाही. बुश उचलायचा, गो-नोगो गेज (माप बसतं की नाही ते सांगणारं साधन) लावायचा, उजेडात फिरवून केसाएवढी चीर शोधायची, तोवर पुढचा हजर. बहुतेक बुश चांगलेच निघतात, आणि तिथंच घात होतो. डोळे उघडे असतात, पण चीर दिसत नाही. अशा कामात अर्ध्या तासातच नजर चुकायला लागते, हे मानसशास्त्रज्ञ नॉर्मन मॅकवर्थ यांनी १९४८ मध्येच दाखवलं होतं. कामाचा रेटा मोठा आणि हातात अधिकार नाही, तिथं ताण वाढतो, हे संशोधक रॉबर्ट कॅरासेक यांनी १९७९ मध्ये मांडलं.

‘काम आवडत नाही म्हणून चुकतो’ असं मुलगा म्हणत असेल, तर तेही पुरतं खरं नाही. समाधान आणि कामगिरी यांचा संबंध आहे, पण अभ्यासांत तो मध्यमच निघतो.

डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश किंवा सीआयटीएस (आयटीआयच्या शिक्षकांचं प्रशिक्षण) करून निदेशक, या वाटा आहेतच. पण फिटर मशीन खोलायला शिकलेला असतो. त्यानं आधी मेंटेनन्समध्ये बदली मागावी, नाहीतर निदान दर दोन तासांनी कामाची अदलाबदल. नाहीच जमलं तर खुशाल सोडू दे, फक्त दुसरं ऑफर लेटर हातात आल्यावर.

आणि पुढचं पत्र त्याला लिहू द्या. तुमच्या तीन पानांत त्याचं स्वतःचं एकच वाक्य आहे.