टँकवाल्यांचे प्रश्न: क्लाऊनची पिल्लं तिसऱ्या दिवशी का मरतात?

प्रश्न: काका, माझ्याकडं ऑसेलॅरिस क्लाऊनची, म्हणजे त्या केशरी-पांढऱ्या समुद्री माशाची, जोडी हाय, चार वेळा अंडी घातली. पिल्लं बाहेर येतात, पहिल्या दिवशी शे-दीडशे दिसतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी सगळी तळाला. गप्पीला चालतं म्हणून उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातनं गाळून घालतोय. पाणी खराब असंल काय? मित्र म्हणतो कोल्हापुरात समुद्र नाही, तुझं जमणारच नाही.
(एक वाचक, राजारामपुरी)

उत्तर: मित्राला तांबडा-पांढरा पाजा आणि गप्प बसवा, समुद्राचा काय संबंध नाही यात. तुमची पिल्लं उपाशी मरतायत भावा. क्लाऊनचं पिल्लू जन्मतं तेव्हा ३-४ मिलिमीटरचं, पोटात शिदोरी जवळपास नाहीच, आणि ते फक्त हलणारं खातं. एकदा टॉर्च आणि भिंग घेऊन बघा, पिल्लू शेपटी आखडून इंग्रजी एस सारखं वाकतं, क्षणभर थांबतं आणि स्प्रिंगसारखं भक्ष्यावर उडी मारतं. तुमचा बलक तर तळाला जाऊन बसणार आणि पाणी नासवणार, त्याच्यावर कशाला उडी मारेल ते?

त्याला लागतात जिवंत रोटिफर, म्हणजे पाण्यात तरंगणारे बारीक जीव, एक-दोन दशांश मिलिमीटरचे. आणि सगळे इथंच चुकतात, अंडी दिसली की रोटिफर शोधायला पळतात. आधी रोटिफरचा डबा महिनाभर नीट चालवून दाखवा, मग अंड्याकडं बघा. एका मिलीला निदान १० रोटिफर पाहिजेत, म्हणजे २० लिटरच्या टँकला २ लाख! मोजायला सोपं आहे, सिरिंजमध्ये १ मिली पाणी घ्या, त्यात थेंबभर व्हिनेगर टाकलं की ते हलायचे थांबतात, मग भिंगाखाली मोजा. नुसत्या यीस्टवर वाढवलेले रोटिफर म्हणजे चिरमुरे, पोट भरतं पण अंगाला लागत नाही, त्यात डीएचए, म्हणजे पिल्लांच्या वाढीला लागणारं फॅटी अ‍ॅसिड, नसतं. नॅनोक्लोरोप्सिस या बारीक शेवाळाचं हिरवं पाणी द्या आणि पिल्लांना घालायच्या आधी एनरिचमेंट करा, म्हणजे रोटिफरलाच पौष्टिक खाऊ घाला. आणि दोन डबे ठेवा दोन खोल्यांत, माझा एकुलता एक डबा एका रात्री लाईट गेल्यावर हवा बंद पडून सकाळी आंबलेल्या ताकासारखा वास मारत होता, आणि पिल्लं दुसऱ्या दिवसाची होती. काय करणार, बघत बसलो.

आता अंडी. २७-२८ डिग्रीला साधारण ७-८ दिवस लागतात, हिवाळ्यात आपल्याकडं हीटर नसेल तर जास्त. सुरुवातीला केशरी, मग काळपट, शेवटी आत चंदेरी डोळे चमकायला लागले की समजा आज-उद्या. गंगावेशीतनं आणलेली मातीची कुंडी टँकमध्ये आडवी ठेवा, जोडी तिच्यावरच अंडी घालायला लागली तर ती कुंडीच उचलून दुसऱ्या टँकमध्ये नेता येते, डोळे चमकले त्या संध्याकाळी. बाप पंखांनी वारा घालत असतो, ते काम आता एअरस्टोननं, म्हणजे हवेच्या नळीला लावायच्या बुडबुड्यांच्या दगडानं, करायचं, बुडबुडे अंड्यांच्या जवळनं पण थेट अंड्यांवर नको. लाईट बंद, पूर्ण अंधार, मग तास-दोन तासांत पिल्लं बाहेर. त्यानंतर मात्र हवा एकदम मंद. टँकच्या बाजूंना काळा कागद लावा, नाहीतर पिल्लं उजेडाकडं जाऊन काचेला डोकं आपटत बसतात.

पाचव्या-सहाव्या दिवसापासनं नुकतं फुटलेलं आर्टेमिया (कोळंबीच्या जातीचा बारीक जीव) थोडं थोडं, पोट केशरी दिसलं की खाल्लं. पण रोटिफर लगेच बंद करू नका, लहानगी मागं राहतात. साधारण ८ ते १२ दिवसांत डोक्यामागं पहिला पांढरा पट्टा उमटतो आणि पिल्लं तळाकडं, काचेकडं राहायला लागतात. तो पट्टा दिसला की घरात एक पेढा वाटायला हरकत नाही. चार वेळा बुडालंय म्हणून जोडी विकू नका, चांगली जोडी महिन्यात दोनदासुद्धा अंडी घालते.

प्रश्न: क्लाऊन जमलं, आता ब्लू टँग (तो निळा समुद्री मासा) घरी करता येईल का?
(एक वाचक, कळंबा)

उत्तर: नाही हो. ब्लू टँग पहिल्यांदा टाकीत वाढवला तो २०१६ मध्ये, फ्लोरिडा विद्यापीठाच्या लोकांनी, आणि त्याच्या आदल्या वर्षी हवाईत यलो टँग झाला, तीसुद्धा बऱ्याच वर्षांची धडपड होती. टँग अंडी कुंडीला चिकटवत नाही, पाण्यात सोडून देतो, आणि पिल्लाचं तोंड इतकं बारीक की रोटिफरही मोठा पडतो, कोपेपॉड नावाच्या बारीक समुद्री जीवांची पिल्लं लागतात. वर पन्नासेक दिवस ती तशीच तरंगत राहतात, तेवढे दिवस कोपेपॉड पुरवायचे म्हणजे दुसरा धंदा नको. त्यापेक्षा बांगाई कार्डिनल मासा करा. बाप तीनेक आठवडे अंडी-पिल्लं तोंडात धरून उपाशी राहतो, आणि बाहेर पडणारं पिल्लू थेट आर्टेमिया खातं, रोटिफरची कटकटच नाही.

प्रश्न: रत्नागिरीहून कॅनमधनं समुद्राचं पाणी आणलं तर मिठाचा खर्च वाचेल ना?
(एक ताई, शाहूपुरी)

उत्तर: वाचेल, पण ताई, आंबा घाट उतरून पावसाळ्यात खाडीजवळचं पाणी भरलंत तर ते निम्मं गोडं असेल, ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या खारटपणाचं माप, १.०२४-१.०२५ आहे का तिथंच मोजा. मोठ्या टँकला ते गाळून वापरा. पिल्लांच्या २० लिटरला मात्र आरओच्या पाण्यात सिंथेटिक मीठ, लिटरला अंदाजे ३५ ग्रॅम, म्हणजे ७०० ग्रॅमचा प्रश्न आहे, तेवढ्यासाठी गाडीचं डिझेल कशाला जाळता.