‘अँग्री ऑन’ म्हटलं तर हसतील का?

“शब्द येतात हो मॅडम, पण पुढे ऑफ लावू की फ्रॉम, तिथेच जीभ अडते.” मराठी माध्यमातून शिकून इंग्रजीत मुलाखती नि परीक्षा देणाऱ्यांकडून हे गाऱ्हाणं मी वरचेवर ऐकते. व्याकरणाचं दुखणं घेऊन समुपदेशकाकडे कशाला यायचं, असं कुणी म्हणेल. पण यातल्या बहुतेकांना नियम गरजेपेक्षा जास्तच पाठ असतात.

लातूरकडच्या एका नर्सचं उदाहरण देते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. तिला ब्रिटनमध्ये नोकरीला जायचं होतं, त्यासाठी ओईटी ही आरोग्यसेवेतल्या लोकांची इंग्रजीची परीक्षा द्यायची होती. तिच्या स्पीकिंगच्या भागात पेशंटशी किंवा नातेवाइकाशी बोलण्याचे दोन प्रसंग असतात, प्रत्येकी साधारण ५ मिनिटांचे. ब्रिटनच्या नर्सिंग कौन्सिलला त्यात बी श्रेणी, म्हणजे किमान ३५० गुण लागतात. क्लासमधून तिला विशेषणं आणि त्यांच्यापुढची प्रिपोझिशन्स, म्हणजे ऑफ, टु, विथ असे जोडशब्द, यांची भलीमोठी यादी मिळाली होती, ए पासून झेड पर्यंत. नाइट ड्यूटी करून आली की ती यादी घोकत बसायची. झोप उडाली होती, आणि सरावाच्या वेळी प्रत्येक विशेषणानंतर ती थांबत होती. “ही इज अँग्री…” आणि मग माझ्याकडे बघायची, मी ओरडणार आहे अशा नजरेनं.

एकदा एका सीनिअरनं तिच्या तोंडून ‘अँग्री ऑन मी’ ऐकून सगळ्या वॉर्डसमोर तिची नक्कल केली होती. भीतीचं मूळ तिथे होतं. यादी त्यावर नुसती लिंपली होती.

मी इंग्रजी बाजूला ठेवलं आणि म्हटलं, काल सांभाळलेल्या पेशंटबद्दल मराठीत सांग. ती न अडखळता बोलली: आजोबांना पेनिसिलिनची ॲलर्जी आहे, मुलावर रागावलेत, ऑपरेशनला घाबरलेत, गोळ्यांना कंटाळलेत, सगळ्या गोष्टींसाठी बायकोवर अवलंबून आहेत. मी ते कागदावर उतरवलं आणि ची, वर, ला, ना, वर यांना गोल केले. “रागाला ‘वर’ आणि भीतीला ‘ला’, हे तुला कुणी शिकवलं?” तिला हसू आलं. मग तीच म्हणाली, “आमच्याकडची मल्याळी सिस्टर म्हणते, पेशंटवर घाबरू नको. आम्हाला कळतं की.” कुणी हसतं का, विचारलं. “पहिल्यांदा हसलो होतो. आता तिच्याशिवाय वॉर्ड चालत नाही.”

इंग्रजीतही हाच प्रकार आहे. प्रिपोझिशन कोणतं यायचं हे बहुतेक वेळा विशेषणच ठरवतं: अँग्री माणसावर असेल तर विथ, गोष्टीवरून असेल तर अबाउट, ॲलर्जिकला टु, डिपेंडंटला ऑन. आपण मराठीचा प्रत्यय तसाच उचलतो आणि ‘वर’चं ऑन होतं, ‘शी लग्न’चं मॅरीड विथ होतं, ‘पेक्षा सीनिअर’चं सीनिअर दॅन. तिथे मॅरीड टु आणि सीनिअर टु हवं. पेनिसिलिनच्या ‘ची’मुळे ती ‘ॲलर्जिक ऑफ’ म्हणायची. म्हणजे तिच्या चुकाही बिनबुडाच्या नव्हत्या, हे ऐकून तिला बरंच हायसं वाटलं.

दुसरी गोष्ट तिला क्लासमध्ये कुणी सांगितलीच नव्हती. विशेषणानंतर येणारं प्रत्येक प्रिपोझिशन त्या विशेषणाचं नसतं. ‘ही इज अँक्शस अबाउट द ऑपरेशन’ यातलं अबाउट अँक्शसनं मागून घेतलेलं आहे. ‘ही इज अँक्शस इन द मॉर्निंग’ यातलं इन मात्र सकाळचं आहे, विशेषण कोणतंही घ्या, ते बदलणार नाही. ओळखायचं कसं? तो तुकडा वाक्याच्या सुरुवातीला नेऊन बघायचा. ‘इन द मॉर्निंग ही इज अँक्शस’ सहज वाटतं, ‘अबाउट द ऑपरेशन ही इज अँक्शस’ कानाला खटकतं. घोकायच्या फक्त या खटकणाऱ्या, म्हणजे विशेषणानं मागून घेतलेल्या जोड्या. तिच्या वहीतल्या बऱ्याच ओळी त्या दिवशी खोडल्या गेल्या.

आणि ऐन वेळी जोडी आठवलीच नाही तर? अँक्शस, अँग्री, ॲफ्रेड ही विशेषणं एकटी उभी राहू शकतात. ‘ही इज अँक्शस. हिज ऑपरेशन इज टुमॉरो.’ दोन वाक्यं झाली, अर्थ पोचला. फाँड किंवा प्रोन यांना मात्र असं मोकळं सोडता येत नाही, त्यांना ऑफ आणि टु लागतंच. अशी थोडीच, ती पाठ करावीत.

काही ठिकाणी मात्र मी तिला सूट दिली नाही. ‘टायर्ड ऑफ द ट्रीटमेंट’ म्हणजे उपचारांना वैतागलेला, ‘टायर्ड फ्रॉम द ट्रीटमेंट’ म्हणजे उपचारांनी थकलेला. नर्सला दोघांसाठी वेगवेगळं काहीतरी करावं लागतं. तसंच ‘रिस्पॉन्सिबल फॉर’ पेशंटसाठी आणि ‘रिस्पॉन्सिबल टु’ ज्याला जाब द्यायचा त्या वरिष्ठासाठी. तिला सगळ्यात आवडलेलं वाक्य होतं: ‘ही इज ॲफ्रेड टु वॉक बिकॉज ही इज ॲफ्रेड ऑफ फॉलिंग.’ चालायला धजत नाही, कारण पडण्याची भीती. “हे तर आमचे हाडांचे सगळे पेशंट!” तिची अशी टिप्पणी.

यादी मी फाडायला लावली नाही. पैसे मोजून घेतलेली वस्तू कुणी फाडत नाही. फक्त ड्यूटीवरून आल्यावर त्या दिवशीच्या पेशंटवर, नाव न लिहिता, दोन-तीन पूर्ण वाक्यं लिहायची असं ठरलं. शरीर कशाला कसा प्रतिसाद देतं हे सांगणारी विशेषणं तिनं आपणहून एका पानावर आणली: ॲलर्जिक, सेन्सिटिव्ह, इम्यून, रेझिस्टंट, सगळ्यांपुढे टु.

माझा खरा भाग याच्या पुढचा. मी तिला मुद्दाम चुकीचं बोलायला लावलं. ‘अँग्री ऑन हिज सन’ म्हणायचं, थांबायचं नाही, सुधारायचं नाही, वाक्य पूर्ण करून पुढचा प्रश्न विचारायचा. पहिल्यांदा तिच्या कपाळावर घाम आला. मग तोच प्रसंग पुन्हा, पुन्हा. घाबरवणारी गोष्ट स्वतः करून बघितली आणि त्यातून काहीच वाईट घडलं नाही, की शरीर हळूहळू शांत होतं. भीतीवरच्या उपचारात ही पद्धत जुनी आहे. सोबत एक माहितीही दिली. ओईटीत स्पीकिंगचे गुण नऊ निकषांवर देतात, आणि व्याकरण त्यातल्या एकाच निकषात येतं. बाकीच्यांत उच्चार कळतात का, ओघ आहे का, पेशंटचं ऐकून घेतलं का, असं सगळं असतं. ऐकून घेण्यात तिचा हात कोण धरणार होतं? अडखळून ती ओघाचे गुण मात्र घालवत होती.

एकदा चिडून आली. ‘डिफरंट फ्रॉम’ बरोबर की ‘डिफरंट टु’? दोन पुस्तकांत दोन तऱ्हा. मी सांगितलं, ब्रिटनमध्ये दोन्ही ऐकू येतात, अमेरिकेत डिफरंट दॅनही चालतं. “मग त्यांचंच ठरलेलं नाही तर मी कशाला रडू?” असं म्हणून तिनं वही मिटली.

स्पीकिंगमध्ये तिला बी मिळाला. रायटिंग मात्र पुन्हा द्यावं लागणार आहे. डिस्चार्जचं पत्र लिहिताना काय गाळायचं तेच तिला कळत नाही, सगळं लिहून ठेवते. त्यासाठी ती आता एका निवृत्त मेट्रनबाईंकडे जाते. ते काम माझं नाहीच.