वाचकांचे प्रश्न : ओला कचरा कुठेही कुजला तरी वायू निघणारच ना?

प्रश्न : सोसायटीच्या आवारात ओल्या कचऱ्याचे खत करण्याचा विषय सर्वसाधारण सभेत निघाला, तेव्हा एका सभासदांनी हरकत घेतली की, कचरा आपल्या खड्ड्यात कुजला काय किंवा कचरा डेपोवर कुजला काय, कार्बन डायऑक्साइड हवेत जाणारच; मग हवामानबदलाचे नाव पुढे करून हा खटाटोप कशासाठी? त्यांचे म्हणणे बरोबर आहे का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : कार्बन डायऑक्साइड निघतो हे खरे, परंतु त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. भाजीची देठे, फळांच्या साली आणि उरलेले अन्न यांतील कार्बन वनस्पतींनी थोड्याच काळापूर्वी हवेतूनच घेतलेला असतो. तो कार्बन डायऑक्साइडच्या रूपाने हवेत परतला तर तापमानवाढीत नवी भर पडत नाही. डेपोवर मात्र हाच कचरा थरांवर थर चढून दाबला जातो, आत हवा पोहोचत नाही आणि प्राणवायूविना जगणारे जिवाणू त्याचे विघटन करू लागतात. त्यातून निघणाऱ्या वायूचा सुमारे निम्मा भाग मिथेनचा असतो. शंभर वर्षांच्या कालावधीत मोजल्यास मिथेनची तापमान वाढवण्याची क्षमता तेवढ्याच वजनाच्या कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 28 पट आहे, आणि वीस वर्षांच्या हिशेबात ती 80 पटींच्या घरात जाते. मानवी व्यवहारांतून हवेत जाणाऱ्या एकूण मिथेनपैकी साधारण एक पंचमांश घनकचरा आणि सांडपाणी यांतून येतो. मिथेन हवेत सुमारे बारा वर्षेच टिकत असल्याने तो आज रोखला तर परिणाम याच पिढीला दिसू शकतो, ही त्यातली जमेची बाजू.

शिवाय मिथेन ज्वलनशील आहे. 1927 पासून वापरात असलेल्या मुंबईच्या देवनार डेपोला जानेवारी 2016 मध्ये लागलेल्या आगीचा धूर उपग्रहांच्या छायाचित्रांतही दिसला होता.

आपल्या सभासदांच्या हरकतीत एका अर्थाने तथ्य आहे, ते असे की, निष्काळजीपणे केलेला खड्डाही लहानसा डेपोच होतो. त्यात नुसता ओला कचरा ओतत राहिल्यास पाणी साचते, कुबट वास येतो आणि मिथेन तयार होतो. म्हणून प्रत्येक थरावर वाळलेला पालापाचोळा, भुसा किंवा कोकोपीट टाकावे, ढीग वरचेवर खालीवर करावा आणि निचऱ्याची सोय ठेवावी. एवढे करूनही किंचित मिथेन व नायट्रस ऑक्साइड (हाही तापमान वाढवणारा वायू) निघतोच, पण डेपोच्या तुलनेत ते प्रमाण फारच कमी असते.

प्रश्न : घरोघरी वर्गीकरणाचा त्रास देण्यापेक्षा डेपोतला वायू नळ्यांनी ओढून घेऊन त्यापासून वीज करणे सोपे नाही का?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : तसे करता येते आणि जुन्या, बंद केलेल्या डेपोंसाठी तो योग्य उपायही आहे. अडचण अशी की, वायू ओढण्यासाठी ढीग मातीने वा आच्छादनाने नीट झाकलेला असावा लागतो, तर आपल्याकडचे बहुतेक डेपो वर्षानुवर्षे उघडेच राहिले. त्यातच आपल्या शहरी कचऱ्यातला मोठा वाटा ओल्या कचऱ्याचा असून उष्ण हवेत तो झपाट्याने कुजतो. नळ्या बसवून होईपर्यंत बराच मिथेन निघून गेलेला असतो.

त्याऐवजी ओला कचरा सुरुवातीपासूनच बंद टाकीत कुजवला, तर वायू हाती लागतो. इंदूरमध्ये फेब्रुवारी 2022 मध्ये सुरू झालेल्या बायो-सीएनजी प्रकल्पाची क्षमता दिवसाला 550 टन ओला कचरा घेऊन सुमारे 17 टन सीएनजी तयार करण्याची आहे, आणि ते शक्य झाले याचे मुख्य कारण तिथे कचरा घरातूनच वेगळा होऊन येतो. टाकीत प्लास्टिक आणि काचा गेल्या तर यंत्रणा अडते, हे अशा प्रकल्पांवर काम करणारा कोणीही सांगेल. वेगळा ठेवलेला सुका कचराही कोरडा राहिला तरच पुन्हा वापरात जातो. अॅल्युमिनियमचा डबा वितळवून पुन्हा धातू करण्यास खनिजापासून नवा धातू काढण्याच्या तुलनेत सुमारे 95 टक्के ऊर्जा कमी लागते. म्हणूनच घनकचरा व्यवस्थापन नियम, 2016 मध्ये वर्गीकरणाची जबाबदारी कचरा निर्माण करणाऱ्यावर ठेवली गेली.

आपल्या सोसायटीने स्वतःचे लहान बायोगॅस संयंत्र घ्यायचे ठरवलेच, तर तयार होणारा वायू रोज कोणत्या शेगडीवर जळणार हे आधी निश्चित करावे. तो वापराविना हवेत सोडला जाणार असेल, तर त्यापेक्षा साधा खतखड्डा कितीतरी बरा.