सवाई, पिफ आणि राज्य नाट्य: पुण्याच्या सिझनबद्दल तुमचे प्रश्न

दिवाळी पहाट झाली, फराळाचे डबे रिकामे झाले की आमच्या टपालात एकाच विषयाची पत्रं वाढायला लागतात, आता पुण्यात काय काय आहे, कुठे जाऊ, तिकीट कसं मिळेल. नोव्हेंबर ते फेब्रुवारी या चार महिन्यांत या शहरात इतकं काही असतं की एका माणसाला सगळं बघणं शक्यच नाही, त्यामुळे निवडावं लागतं, आणि या वेळचे बहुतेक प्रश्न त्या निवडीबद्दलच आहेत.

प्रश्न: मी मूळची नांदेडची, दोन वर्षं झाली वाकडला जॉब करते. ऑफिसमधले सगळे डिसेंबरमध्ये सवाईला जातात. मला शास्त्रीय संगीतातलं ओ की ठो कळत नाही. जाऊन बसले तर बावळटासारखं वाटेल का? आणि पाचही दिवस जावं लागतं का?

नाही वाटणार, अजिबात नाही. तिथे येणाऱ्या हजारो लोकांपैकी राग ओळखणारे किती असतील हो, थोडेच. बाकीचे सगळे ऐकून ऐकून तयार झालेले आहेत, आणि कधीतरी ते पण पहिल्यांदाच आले होते.

आधी थोडं सांगते, म्हणजे तुम्ही कुठे जाताय ते कळेल. पंडित भीमसेन जोशींनी आपल्या गुरूंच्या, म्हणजे सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ 1953 साली हा महोत्सव सुरू केला, आणि पुढे आयुष्यभर ते त्यात गायलेही आणि तो उभा करायलाही राबले. 2011 मध्ये भीमसेनजी गेले, त्यानंतर महोत्सवाच्या नावात त्यांचंही नाव आलं. वर्षानुवर्षं तो रमणबागेच्या मैदानावर व्हायचा, आता मुकुंदनगरला महाराष्ट्रीय मंडळाच्या मैदानावर होतो. जुन्या लोकांना विचारा, ते रात्रभर चालणाऱ्या सवाईबद्दल सांगतील, पहाटेचा ललत, तोडी ऐकून लोक तसेच सकाळी ऑफिसला जायचे. लाऊडस्पीकरला रात्री दहाची मर्यादा आली आणि ते बंद झालं, एखाद्या दिवशी परवानगी मिळाली तर बारापर्यंत चालतं. याची हळहळ मलाही आहे, पण त्यातून एक चांगलं झालं जे फार कोणी बोलत नाही. आता कार्यक्रम दुपारीच सुरू होतो, त्यामुळे मुलतानी, मधुवंती, पटदीप, भीमपलास असे दुपारचे राग कानावर पडतात जे एरवी संध्याकाळच्या मैफलीत कोण गाणार. म्हणून माझा आग्रह आहे की लोक मोठ्या नावासाठी रात्री आठला येतात तसं करू नका, एक दिवस हाफ डे टाका आणि पहिल्या कलाकारापासून बसा. पहिला कलाकार बऱ्याचदा तरुण असतो, आयुष्यात पहिल्यांदा त्या स्टेजवर बसलेला असतो, आणि जीव ओतून गातो.

पाच दिवसांची गरज नाही. सिझन तिकीट असतं तसं एका दिवसाचंही असतं, भारतीय बैठकीचं स्वस्त असतं, आणि तुमच्या वयाला बैठकच घ्या. एक जाडसर चादर, एक स्वेटर, पाण्याची बाटली.

आता ऐकायचं कसं. सुरुवातीला तानपुरे लागत असतात, लोक त्या वेळात चहाला जातात, तुम्ही जाऊ नका, त्या आवाजात कान बसू द्या. मग विलंबित सुरू होईल, म्हणजे अगदी संथ, पहिली पाचेक मिनिटं वाटेल की काहीच घडत नाहीये. तेव्हा गायकाकडे न बघता तबल्याकडे लक्ष द्या. तबलजी एक चक्कर पूर्ण करून परत पहिल्या मात्रेवर येतो आणि गायक फिरून फिरून बरोबर त्याच जागी येऊन शब्द टाकतो, तीच सम. त्या क्षणी तुमच्या आजूबाजूच्या दोनशे माना एकदम हलतील. तीन-चार आवर्तनं अशी गेली की सम यायच्या आधीच तुम्हाला ती जवळ आल्याचं कळायला लागेल, आणि एकदा का तुमची मान आपोआप हलली की झालं, पुढचं सगळं त्यातूनच येतं. रागाचं नाव नंतर घरी जाऊन बघा.

आणि कृपा करून मोबाईल वर धरून रेकॉर्ड करू नका, मागचा माणूस तुमची स्क्रीन बघत बसतो.

प्रश्न: आई बहात्तर वर्षांची, गुडघ्यांचं दुखणं. तिला एकदा सवाईला न्यायचंय, लहानपणी किराणा घराण्याचं गाणं तिच्या घरात चालायचं. कसं जमवू?

न्या, नक्की न्या. खुर्चीचं तिकीट घ्या, आणि ते लवकर घ्या कारण खुर्च्या आधी संपतात. जागा कडेची बघा म्हणजे तिला मध्ये उठता येईल. गाडी नेऊ नका, त्या भागात पार्किंग शोधण्यात एक कलाकार जातो, मेट्रोनं स्वारगेटला उतरा आणि तिथून रिक्षा करा, परतताना मात्र शेवटच्या मेट्रोची वेळ आधी बघून ठेवा. मैदान उघडं, त्यात डिसेंबर, सात वाजल्यानंतर गारवा पायातून चढतो, शाल आणि मोजे दोन्ही घ्या. सलग सात तास बसवू नका, दोन कलाकार ऐकून घरी या.

घरात किराण्याचं गाणं होतं म्हणताय तर जाण्याआधी आठवडाभर तिच्याबरोबर जुनं ऐका, अब्दुल करीम खाँ, मग त्यांचे शिष्य सवाई गंधर्व, मग सवाई गंधर्वांचे शिष्य गंगूबाई हनगल, फिरोज दस्तूर, भीमसेनजी, या क्रमानं. एकाच गळ्याची शिकवण तीन पिढ्यांत कशी बदलत गेली ते ऐकताना तिला जे आठवेल ते लिहून घ्या हो, ते दुसरीकडे कुठे मिळणार नाही.

प्रश्न: मागच्या वर्षी पिफचं रजिस्ट्रेशन केलं, तीन पिक्चरना हाऊसफुल म्हणून परत आलो. पैसे फुकट गेल्यासारखं वाटलं. या वर्षी करू का?

करा, फक्त पद्धत बदला. पुणे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव 2002 पासून चालू आहे, डॉ. जब्बार पटेल त्याचे संचालक, आणि जानेवारीत त्या आठवड्यात जगभरातले पिक्चर आपल्याकडे येतात ज्यातले बरेच नंतर थिएटरला लागत नाहीत आणि ओटीटीवरही शोधून सापडत नाहीत. रजिस्ट्रेशन म्हणजे सीट बुक झाली असं नसतं, जो आधी रांगेत तो आत, हे धरूनच चाला. ज्या पिक्चरला बाहेरच्या मोठ्या महोत्सवाचं बक्षीस आहे त्याला सगळं पुणं येतं, त्याला पाऊण तास आधी पोचा, नाहीतर त्याच वेळेला शेजारच्या स्क्रीनवर जे लागलंय ते बघा. मनापासून सांगते, त्या शेजारच्या स्क्रीनवरच खरा महोत्सव असतो. ज्या देशाचा पिक्चर आयुष्यात बघितला नाही त्या देशाचा निवडा, नाव माहीत नसलेला दिग्दर्शक निवडा.

दिवसाला तीनच्या वर बघू नका, डोकं भरून जातं आणि रात्री एकाची गोष्ट दुसऱ्यात मिसळते. मराठी स्पर्धेतले पिक्चर मात्र सोडू नका, बऱ्याचदा दिग्दर्शक आणि नट तिथेच असतात, संपल्यावर बाहेर गाठून प्रश्न विचारता येतात, आणि त्यांनाही ते हवं असतं. मुलांना नेऊ नका, तिथले पिक्चर लहानांसाठी निवडलेले नसतात.

आणि वर्षभर जीव तुटत असेल तर लॉ कॉलेज रोडवर चित्रपट संग्रहालय आहे, 1964 पासूनचं, तिथे अधूनमधून जुने आणि परदेशी पिक्चर दाखवतात. त्याच रस्त्याला एफटीआयआय, म्हणजे आपलं जुनं प्रभात. प्रभातचा स्टुडिओ होता त्याच आवारात आज पोरं सिनेमा शिकतात. असं ठिकाण घराजवळ असताना पिफच्या एका आठवड्यावर सगळी मदार कशाला ठेवायची.

प्रश्न: मी सेकंड इयरला आहे, आमच्या कॉलेजचा पुरुषोत्तम या वर्षी पहिल्याच फेरीत गेला. नाटक खूप करायचंय पण आता पुढच्या ऑगस्टपर्यंत काय करू?

बघा. एवढंच काम आहे आता, बघा आणि वाचा.

पुरुषोत्तम, म्हणजे कॉलेजांची एकांकिका स्पर्धा, 1963 पासून होतोय, महाराष्ट्रीय कलोपासक ही संस्था भरवते, आणि या स्पर्धेचं मला आवडतं ते हे की नेपथ्य, लाइट यांच्या झगमगाटापेक्षा संहिता, अभिनय आणि दिग्दर्शन याला तिथे मान आहे. 2022 मध्ये परीक्षकांनी एकही एकांकिका करंडकाच्या लायक नाही असं सांगून करंडक कोणालाच दिला नव्हता, तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. मला तो निर्णय तेव्हाही बरोबर वाटला आणि आजही वाटतो. पहिल्या फेरीत गेलात म्हणून वाईट वाटून घेऊ नका, पण आपली एकांकिका का गेली हे ग्रुपमध्ये बसून एकदा नीट बोला.

फेब्रुवारीच्या सुमाराला फिरोदिया करंडक येईल, तिथे वेगळंच जग आहे, एकाच सादरीकरणात नाटक, नाच, वाद्यं, चित्र, शिल्प सगळं स्टेजवर जिवंत घडतं. तुमच्या कॉलेजची टीम असेल तर बॅकस्टेजला का होईना पण घुसा.

आणि आता सगळ्यात महत्त्वाचं. याच दिवसांत राज्य नाट्य स्पर्धेची प्राथमिक फेरी असते, हौशी नाटकांची, सरकारच्या सांस्कृतिक कार्य संचालनालयाची, आपल्या पुणे केंद्राचे प्रयोग बऱ्याचदा भरत नाट्य मंदिरात होतात. तिकीट नाममात्र, चहा-क्रीमरोलच्या खर्चात पूर्ण लांबीचं नाटक. बँकेत, शाळेत, महापालिकेत नोकरी करणारी माणसं तीन महिने संध्याकाळी सहाला सुटून तालमी करतात आणि एका प्रयोगासाठी स्टेजवर उभी राहतात, आणि समोर? समोर त्यांचे नातेवाईक आणि रिकाम्या खुर्च्या. मला याचं फार वाईट वाटतं. मराठी रंगभूमीला इतके नट, लेखक, दिग्दर्शक या स्पर्धेनं दिले आणि पुण्यासारख्या शहरात ती बघायला माणूस नाही. तुम्ही रोज जा, जमेल तितके दिवस जा. चांगलं नाटक बघून जेवढं शिकाल त्याच्यापेक्षा फसलेल्या नाटकातून जास्त शिकाल, कुठे प्रवेश लांबला, कुठे नट हात कुठे ठेवू या विचारात अडकला, कुठे ब्लॅकआऊट इतका वेळ राहिला की प्रेक्षक मोबाईल काढायला लागले. वही ठेवा. प्रयोग संपल्यावर आत जाऊन त्यांना भेटा, काय आवडलं ते सांगा, त्यांना कोणी सांगत नाही हो.

आणि शनिवार पेठेतलं सुदर्शन रंगमंच. छोटी जागा आहे, नटाच्या कपाळावरचा घाम दिसतो, आवाज चढवावा लागत नाही. प्रायोगिक नाटक बघायचं तर तिथे.

प्रश्न: घरात दोन मुलं, बजेट नाही. फुकट किंवा स्वस्तात काय आहे?

भरपूर आहे. डिसेंबरमध्ये फर्ग्युसनच्या मैदानावर पुणे पुस्तक महोत्सव होतो, 2023 पासून सुरू झालाय, मुलांना तिथे अख्खा दिवस सोडा, फक्त प्रत्येकाला एकच पुस्तक घ्यायचं असं आधी ठरवा म्हणजे ती मन लावून निवडतात. सवाईच्या दिवसांत सकाळी शिवाजीनगरला सवाई गंधर्व स्मारकात कलाकारांवरच्या फिल्म आणि मुलाखती असतात, षड्ज आणि अंतरंग नावानं, त्याला तिकीट नसतं, मोठ्या मुलाला न्या. केळकर संग्रहालय तर वर्षभर आहे, वीस हजारांवर वस्तू एका माणसानं गोळा केल्या, आणि संग्रहालयाला नाव दिलं ते लहानपणी गेलेल्या आपल्या मुलाचं, राजाचं. मुलांना अडकित्ते, दिवे आणि दारं दाखवा, सगळं एका दिवसात उरकू नका.

प्रश्न: नाटकात फोन वाजतात, लोक बोलतात, पोरं रडतात. दीडशे-दोनशे किलोमीटरवरून दौरा करून आलेल्या नटांनी काय करावं? तुम्ही यावर का लिहीत नाही?

लिहिते की. फोन बंद करा, सायलेंट नाही, बंद, कारण अंधारात पेटलेली स्क्रीनसुद्धा स्टेजवरून दिसते. शेजारचा बोलत असेल तर त्याला लगेच, हळू आवाजात सांगा, मध्यंतरापर्यंत कुढत बसू नका. बाळ रडलं तर उठून बाहेर जा, यात कमीपणा नाही. प्रयोग थांबवणाऱ्या नटांच्या बाजूनं मी आहे, पूर्णपणे.

प्रश्न: न्यू जर्सीहून डिसेंबरमध्ये दोन आठवडे येतोय, बऱ्याच वर्षांनी. मुलगी सोळा वर्षांची, मराठी समजते पण वाचता येत नाही. दोन आठवड्यांत काय बसेल?

सवाई साधारण डिसेंबरच्या मध्याला असतं, तारखा जाहीर झाल्या की त्या धरून तिकीट काढा. पिफ आणि वसंतराव देशपांड्यांच्या नावानं होणारा वसंतोत्सव जानेवारीत, ते तुम्हाला हुकतील. मुलीला एक संध्याकाळ सवाई, एक दिवस पुस्तक महोत्सव, आणि बालगंधर्व रंगमंदिरात रविवारचं एक नाटक, शक्यतो विनोदी, म्हणजे भाषा अडणार नाही आणि अख्खं थिएटर एकत्र हसतं म्हणजे काय ते तिला कळेल. नाटकाच्या जाहिराती शनिवार-रविवारच्या पेपरात बघा, ऑनलाइन बुकिंग असतंच, पण एकदा तिला घेऊन खिडकीवर जा, तिथे तक्त्यावर पेनानं खुणा करून सीट देतात अजून बऱ्याच ठिकाणी. बाल्कनी नको, खालची मधली रांग घ्या. मेट्रो आता छत्रपती संभाजी उद्यान स्टेशनला उतरवते, तिथून बालगंधर्व चालत आहे. जेट लॅगचे पहिले तीन दिवस काही ठरवू नका, दुपारी साडेबाराच्या प्रयोगाला तर नाहीच, पहिल्या अंकात झोप लागेल आणि मुलगी पण तेच शिकेल.