वाचकांचे प्रश्न : सुषिर वाद्यांचे पंचक आणि श्वेतेतर संगीतकार

प्रश्न : गेल्या महिन्यात लष्कर भागातील एका लहानशा सभागृहात पाच वादकांचे 'विंड क्विंटेट' ऐकण्याचा योग आला. कार्यक्रमपत्रिकेवर 'श्वेतेतर संगीतकारांच्या रचना' असे ठळक छापले होते. मी गेली तीस वर्षे सवाई गंधर्व महोत्सवाला नेमाने जाते. गाणे ऐकताना कलावंताची जात किंवा वर्ण विचारावा असे मला कधी वाटले नाही. मग या रचनांवर असा शिक्का कशासाठी? शिवाय पाचांपैकी मुख्य वादक कोण आणि साथीला कोण, हेही मला शेवटपर्यंत उमगले नाही.
– एक श्रोती, कोथरूड

उत्तर : आपला दुसरा प्रश्न मी आधी घेतो. विंड क्विंटेट म्हणजे सुषिर, अर्थात फुंकून वाजवायच्या, वाद्यांचे पंचक. त्यात फ्लूट, ओबो, क्लॅरिनेट, बसून आणि फ्रेंच हॉर्न अशी पाच वाद्ये असतात. १८१०च्या दशकात अंतोन रायखा या संगीतकाराने पॅरिसमध्ये या मेळासाठी चोवीस रचना लिहिल्या आणि तेव्हापासून हा प्रकार रुळला. व्हायोलिनच्या कुळातील चार वाद्ये एकत्र आली की त्यांचा आवाज एकमेकांत सहज मिसळतो; येथे मात्र पाचही जणांचा गळा वेगळा असतो. फ्लूटला पत्ती, म्हणजे फुंकरीने थरथरून सूर काढणारी पातळ चीप, नसते; क्लॅरिनेटला एक असते, ओबो आणि बसून यांना आपल्या सनईसारखी दुहेरी पत्ती असते, तर हॉर्न हे पितळी वाद्य असल्यामुळे त्यात वादकाचे ओठच पत्तीचे काम करतात. कायम मुख्य किंवा कायम साथीला असे यात कोणी नसते. आता सांगीतिक वाक्य ओबोकडे असेल, तर पुढच्या क्षणी ओबो मागे सरून नुसता सूर धरतो आणि तेच वाक्य बसून उचलतो. आपल्याला मुख्य वादक सापडला नाही, याचा अर्थ आपण नीट ऐकत होता.

पुन्हा कधी योग आला, तर ओबोवादकाकडे जरा निरखून पाहावे. कार्यक्रमाआधी तो इवल्याशा डबीतील पाण्यात पत्ती भिजवत बसलेला दिसेल. ती पत्ती बहुधा त्याने स्वतःच्या हाताने, बोरूसारख्या वेतापासून तासून घडवलेली असते. पत्तीची फट इतकी बारीक असते की त्याला श्वास अपुरा पडत नाही, उलट छातीत साठून राहतो. म्हणून दोन वाक्यांच्या मधल्या जागेत तो आधी उरलेला श्वास सोडतो आणि मगच नवा घेतो. पहिल्या रांगेत बसले, तर ते सोडणे ऐकू येते.

आता शिक्क्याविषयी. 'श्वेतेतर' हा शब्द मलाही आवडत नाही, कारण तो माणसांची ओळख ते जे नाहीत त्यावरून करून देतो. तरीही ती ओळ कार्यक्रमपत्रिकेवर असावी, असे माझे स्पष्ट मत आहे. आपले संगीत गुरूच्या मुखातून शिष्याच्या गळ्यात उतरत आले. पाश्चात्त्य अभिजात संगीत कागदावरून जगते. प्रत्येक वादकासमोर त्याच्या वाट्याचे स्वरलेखन छापून आले नाही, तर रचना कितीही थोर असली तरी ती वाजत नाही, आणि वाजली नाही की कोणाच्या कानावर पडत नाही. कोणाचे छापायचे आणि कोणाचे वाजवायचे, हे ठरवणाऱ्या मंडळींनी कृष्णवर्णीय संगीतकारांना पिढ्यान्‌पिढ्या दाराबाहेर ठेवले.

फ्लॉरेन्स प्राइस या अमेरिकन संगीतकर्तीचे उदाहरण घ्या. १९३३ साली शिकागो सिम्फनी ऑर्केस्ट्राने त्यांची पहिली सिम्फनी, म्हणजे वाद्यवृंदासाठीची अनेक भागांची मोठी रचना, वाजवली. अमेरिकेतील एखाद्या मोठ्या वाद्यवृंदाने कृष्णवर्णीय स्त्रीची सिम्फनी सादर करण्याची ती पहिलीच वेळ होती. त्या १९५३ साली वारल्या. पुढे २००९ साली इलिनॉय राज्यातील सेंट अ‍ॅन या गावी एका जोडप्याने पडीक घर दुरुस्तीसाठी घेतले. झाड कोसळून छताला भगदाड पडले होते, घरात नासधूस झाली होती, आणि एका कोरड्या राहिलेल्या भागात हस्तलिखितांचे गठ्ठे होते, ज्यांवर प्राइस यांचे नाव होते. ते त्यांचे उन्हाळ्यातले घर होते. त्या गठ्ठ्यांत व्हायोलिनच्या दोन कंचेर्टो (एकल वाद्य आणि वाद्यवृंद यांच्यासाठीच्या रचना) आणि चौथी सिम्फनी निघाली. पाऊस खोलीच्या दुसऱ्या कोपऱ्यात गळला असता, तर आज आपण त्यांविषयी बोलत नसतो.

आपण कलावंताची जात विचारत नाही, हे मी मानतो. परंतु सुषिर वाद्यांपुरते बोलायचे, तर आपल्याकडे ती विचारण्याची वेळच येऊ दिली नव्हती. महाराष्ट्रात सनई पिढ्यान्‌पिढ्या मुख्यत्वे गुरव आणि मातंग समाजातील कलावंतांनी जोपासली. मंगलकार्य त्यांच्यावाचून अडत असे, आणि तरीही त्यांची जागा मांडवाच्या दाराशी किंवा नगारखान्यात असे. बैठकीच्या गादीवर सनई फार उशिरा आली. त्या दाराशी वाजवणाऱ्यांपैकी किती जणांची नावे आपण लिहून ठेवली? सवाई गंधर्व महोत्सवात सनईचे सूर आपण आदराने ऐकता, म्हणूनच मी हे आपल्याला मोकळेपणाने लिहू शकतो.

प्रश्न : मी संगीत विशारदच्या परीक्षेची तयारी करतो आहे. पाश्चात्त्य संगीताचा गंध नाही. मात्र या पंचकांविषयी कुतूहल आहे. आमच्यासारख्या रागसंगीत ऐकणाऱ्यांनी कोठून सुरुवात करावी?
– एक विद्यार्थी, सदाशिव पेठ

उत्तर : आपल्याला सर्वांत जवळचा दरवाजा रीना इस्माईल या भारतीय वंशाच्या अमेरिकन संगीतकर्तीच्या 'द लाइट इज द सेम' या पंचकाचा आहे. त्यात यमन आणि वाचस्पती हे दोन राग घेतले आहेत. दोहोंत मध्यम तीव्र आहे, फरक निषादाचा. यमनचा निषाद शुद्ध, वाचस्पतीचा कोमल. एवढ्या एका सुराच्या अंतरावर ही रचना उभी आहे. यमन आपण शिकवणीच्या पहिल्या वर्षापासून घोटला असेल, त्यामुळे निषाद खाली उतरताच खोलीतला उजेड बदलल्यासारखे आपल्याला जाणवेल. तानपुरा नसताना हॉर्न किंवा बसून षड्जाचा आधार कसा पुरवतात, तेही पाहावे. रागाची बढत, म्हणजे सावकाश होत जाणारा विस्तार, येथे मिळणार नाही, आणि तशी अपेक्षा ठेवून ऐकल्यास निराशा होईल. हे लिहून ठेवलेले संगीत आहे आणि त्याची वीण वेगळी आहे.

त्यानंतर व्हॅलरी कोलमन यांचे 'उमोजा' ऐकावे. कोलमन स्वतः फ्लूट वाजवतात. १९९७ साली त्यांनी न्यूयॉर्कमध्ये 'इमानी विंड्स' हे पंचक स्थापन केले. स्वाहिली भाषेत उमोजा म्हणजे एकी आणि इमानी म्हणजे श्रद्धा. आफ्रिकी-अमेरिकन लोकांच्या क्वान्झा या सात दिवसांच्या उत्सवात पहिला दिवस उमोजाचा आणि शेवटचा इमानीचा असतो. ही रचना मुळात स्त्रियांच्या समूहगायनासाठी होती. एकाने हाक द्यावी आणि बाकीच्यांनी ओ द्यावी, असा तिचा बांध आहे. वारीच्या दिंडीत विणेकऱ्याने चरण म्हणावा आणि टाळकऱ्यांनी तो झेलावा, हे ज्याने अनुभवले आहे त्याला ती समजावून सांगावी लागत नाही. २०१९ साली फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्राने तिचे वाद्यवृंदासाठी केलेले रूप सादर केले. हयात असलेल्या आफ्रिकी-अमेरिकन स्त्रीची रचना त्या वाद्यवृंदाने प्रथमच वाजवली ती तेव्हा, आणि ते साल मला पुन्हा पुन्हा आठवते, कारण ते इतके अलीकडचे आहे.

पाय ठेका धरतील असे काही हवे असेल, तर हवाना येथे जन्मलेले क्लॅरिनेट आणि सॅक्सोफोनवादक पाकितो द'रिवेरा यांची सात भागांची 'आइरेस त्रोपिकालेस' ही रचना आहे. इमानी विंड्सचे माजी हॉर्नवादक जेफ स्कॉट यांच्या 'पॅशन फॉर बाख अँड कोल्ट्रेन' या ध्वनिमुद्रणाला २०२४ साली ग्रॅमी मिळाले. ते मोठ्या आवाक्याचे काम आहे, सवडीने ऐकावे.

प्रश्न : रचनेच्या मध्येच टाळ्या वाजवल्यावर शेजारच्या गृहस्थांनी माझ्याकडे रोखून पाहिले. माझे काय चुकले?
– एक वाचक, बिबवेवाडी

उत्तर : रचनेचे बहुधा तीन-चार भाग असतात आणि सर्व भाग संपेपर्यंत टाळ्या वाजवू नयेत, असा रूढ संकेत आहे. वादकांनी वाद्ये खाली घेतली की खुशाल वाजवाव्यात. रोखून पाहणे मात्र अनाठायी होते. जागेवरच दाद देण्याची सवय आपल्या बैठकीने लावलेली आहे आणि तिच्यात लाजण्यासारखे काही नाही.

प्रश्न : माझे आजोबा आणि वडील लग्नाच्या बँडमध्ये क्लॅरिनेट वाजवत. मीही वाजवतो, सगळे कानाने, कागद वाचता येत नाही. एका संगीतवर्गात मुलाला घेऊन गेलो, तेव्हा 'हे वरातीचे वाजवणे येथे चालणार नाही' असे ऐकावे लागले. आमचे क्लॅरिनेट आणि पंचकातले क्लॅरिनेट वेगळे असते का?
– एक बँडवादक, भवानी पेठ

उत्तर : आपल्याला जे ऐकावे लागले ते चुकीचे होते आणि ते वाचून मला वाईट वाटले. वाद्य एकच आहे. आपल्या वाद्याचा स्वभाव आपल्या ओठांना ठाऊक आहेच : फ्लूट किंवा ओबो जोराने फुंकले की षड्जावरून तार षड्ज निघतो, क्लॅरिनेट मात्र थेट त्याच्याही वरचा पंचम देते. हा स्वभाव वरातीत बदलत नाही आणि सभागृहातही नाही. चाव्यांची घडण तेवढी तपासून घ्यावी. काही जुनी वाद्ये आल्बर्ट पद्धतीची असतात, तर आज बहुतेक ठिकाणी बोम पद्धत शिकवतात, आणि दोन्हींत काही सुरांची बोटे वेगळी पडतात. मुलासाठी वाद्य घेणार असाल, तर बोम पद्धतीचेच घ्यावे.

कागद वाचणे ही शिकून येणारी गोष्ट आहे. रोज अर्धा तास बसले, तर कान तयार असलेल्या मुलाला साध्या ओळी वाचायला काही महिने पुरतात. सुरुवातीला एका गोष्टीने गोंधळ होईल : बी-फ्लॅट क्लॅरिनेटच्या कागदावर 'सी' लिहिलेला असतो आणि पेटीवर पडताळला, तर तो 'बी-फ्लॅट' वाजतो. यात मुलाचे काही चुकत नसते. लेखनाची पद्धतच तशी आहे. त्याला वाचनाची गोडी लागली, की सॅम्युएल कोलरिज-टेलर यांचे क्लॅरिनेट क्विंटेट ऐकवावे. क्लॅरिनेट आणि चार तंतुवाद्ये असा त्याचा मेळ आहे. वडील सिएरा लिओनचे, आई इंग्रज, आणि लंडनच्या रॉयल कॉलेज ऑफ म्युझिकमध्ये शिकत असताना १८९५ साली, जेमतेम विशीत, त्यांनी ते लिहिले. त्याचा संथ भाग आपण आणि मुलाने एकत्र बसून ऐकावा. त्यातली धून आपण दुसऱ्याच दिवशी कानाने वाजवून दाखवाल, आणि कागद उलगडून ती ओळ नेमकी कोठे आहे हे शोधण्याचे काम मुलाकडे द्यावे.