नस हाडातून कुठे बाहेर पडते?

ठाण्यात चेहरा-जबड्याच्या शस्त्रक्रिया करताना रोज जे ऐकतो, तेच या वेळच्या पत्रांतही आहे. चार प्रश्न घेतो.

खालच्या जबड्यात दोन इम्प्लांट बसवायचे आहेत. ओपीजी (जबड्याचा सपाट एक्स-रे) झाला, आता डॉक्टर सीबीसीटी (जबड्याचा त्रिमितीय स्कॅन) सांगताहेत. बिल वाढवण्याचा प्रकार आहे का? नस दुखावली तर तोंड वाकडं होईल, अशी बायकोला भीती आहे. (ऐरोली)

आधी वहिनींची भीती. तोंड वाकडं होतं ते मेंदूतून येणाऱ्या नसांपैकी सातव्या नसेमुळे. ती कानामागून निघते आणि चेहऱ्याचे स्नायू हलवते. इम्प्लांटच्या वाटेत येते ती पाचव्या नसेची फांदी, तिचं काम स्पर्श कळवणं. ती दुखावली तर ओठ-हनुवटी बधिर होते. चहाचा ओघळ हनुवटीवर आलेला कळत नाही, दाढी करताना कापलेलं कळत नाही. तेही काही सुखाचं नव्हे.

ही नस जबड्यातल्या बोगद्यातून पुढे येते आणि सुळ्यामागच्या दोन उपदाढांपैकी दुसरीच्या खाली, किंवा दोघींच्या मध्ये असलेल्या भोकातून बहुधा बाहेर पडते. घोटाळा त्या ‘बहुधा’त आहे. कुणाला एका बाजूला दोन भोकं असतात. कुणाची नस भोकाच्या पुढे जाऊन वळसा घेऊन मागे येते. ओपीजी सपाट चित्र. त्यात हाड असतं त्याहून मोठं दिसतं, रुंदी कळत नाही, वळसा सुटू शकतो. सीबीसीटीत हाडाचा आडवा छेद दिसतो. इम्प्लांटचं टोक नसेपासून निदान 2 मिमी लांब ठेवायचं असतं, ते मोजायचं कशावर? माझ्या जबड्यात बसवायचे असते तर मी हे पैसे खर्च केले असते. फक्त डॉक्टरांना सांगा, पडद्यावर नस बोटाने दाखवा.

आई 74 वर्षांची, खाली पूर्ण कवळी. उजवीकडे चावलं की हनुवटीपर्यंत करंट जातो. (नौपाडा)

दात गेले की जबड्याचं हाड वरून झिजत जातं. भोक जागच्या जागी राहतं, हिरडीची कड मात्र खाली उतरत त्याच्यापर्यंत येते. मग कवळी थेट नसेवर बसते. कवळी काढून त्या जागी बोटाने हलकं दाबा. तीच कळ आली तर डेंटिस्टकडून कवळीची आतली बाजू तेवढ्यापुरती खरवडून घ्या, बहुतेकदा तेवढ्यावर भागतं. घरी कानशीने घासू नका. कवळी नसतानाही करंट येत असेल तर न्यूरॉलॉजिस्टना दाखवा. आणि कारण नसताना हनुवटी बधिर झाली तर एक दिवसही थांबू नका.

मी इंटर्न आहे. गाल बधिर करायची सुई जिथे देतात ते डोळ्याखालचं नसेचं भोक एका पुस्तकात डोळ्याच्या खोबणीच्या काठाखाली 6 मिमीवर, दुसऱ्यात 10 वर. खरं कोणतं? (खारघर)

दोन्ही. कुणी भोकाच्या वरच्या कडेपासून मोजतं, कुणी मध्यापासून. शिवाय कवट्या वेगळ्या, आणि कोरड्या कवटीला सूज नसते. ठाण्यात कुणी घराचा पत्ता स्टेशनपासून मीटरमध्ये सांगत नाही, ‘गडकरीच्या मागे’ म्हणतात. तसं कर. खोबणीचा खालचा काठ चाचप, बाहुलीच्या सरळ रेषेत खाली ये आणि सुई आत असेपर्यंत काठावरचं बोट उचलू नकोस. भोकाचं तोंड खाली, नाकाकडे असतं. त्यामुळे तोंडातून वर नेलेली सुई जास्त आत गेली तर डोळ्याच्या खोबणीतच पोचते.

भुवईखालच्या काठावरून नखही फिरवून बघ. मध्यरेषेपासून सुमारे अडीच सेंटीमीटरवर कपाळाच्या नसेची खाच लागते. मला उजवीकडे लागते, डावीकडे नाही. काही कवट्यांत एकीकडे खाच आणि दुसरीकडे बंद भोक असतं.

बाबांच्या कानाखालच्या लाळग्रंथीची गाठ काढायची आहे. इथे तरी तोंड वाकडं होऊ शकतं ना? (कळवा)

हो, इथे ती भीती रास्त आहे. सातवी नस कानामागच्या हाडाच्या टोकाजवळच्या भोकातून निघून याच ग्रंथीत शिरते. सर्जन सहसा कानाच्या कूर्चेच्या टोकावरून सुमारे एक सेंटीमीटर आत, थोडं पुढे-खाली तिचा बुंधा शोधतो आणि मग फांद्या सोडवत जातो. गाठ नसेला चिकटली आहे का आणि नर्व्ह मॉनिटर (शस्त्रक्रियेत नस ओळखायला मदत करणारं यंत्र) लावणार का, हे विचारून ठेवा. नस अखंड राहिली तर आलेला अशक्तपणा बहुधा काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत भरून येतो. तोवर पापणी पुरती मिटत नसेल तर दिवसा डोळ्यात थेंब, रात्री मलम लावून पापणीवर चिकटपट्टी. ती कशी लावायची, हे घरी सोडण्याआधी नर्सकडून शिकून घ्या.