वाचकांचे प्रश्न : हाताने उभे केलेले सर्व्हर फायलीत कसे उतरवावेत?

प्रश्न : महापे येथील एमआयडीसीत आमची छोटी सॉफ्टवेअर कंपनी आहे. काही सर्व्हर रबाळे येथील डेटा सेंटरमध्ये भाड्याच्या रॅकवर आहेत, तर थोडे काम क्लाउडच्या मुंबई रीजनवर चालते. हे सारे सर्व्हर आमच्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी हाताने उभे केले असून ते लवकरच नोकरी सोडणार आहेत. ॲन्सिबल, टेराफॉर्म, डॉकर, कुबरनेटीस अशी नावे कानावर येतात, पण सुरुवात कोठून करावी ते कळत नाही. — एक वाचक, ऐरोली

उत्तर : साधन कोणते निवडावे हा प्रश्न थोडा थांबू शकतो, पण आपले सहकारी थांबणार नाहीत. म्हणून ते जाण्यापूर्वी त्यांच्याशेजारी बसून एका, फक्त एका सर्व्हरची पूर्ण नोंद करावी. कोणती पॅकेजेस टाकली, ईटीसी डिरेक्टरीतील, म्हणजे सेटिंगच्या फोल्डरमधील, कोणत्या फायली मुळापेक्षा वेगळ्या आहेत, क्रॉनमध्ये, म्हणजे ठरलेल्या वेळी आपोआप चालणाऱ्या कामांच्या यादीत, कोणती कामे आहेत, कोणत्या वापरकर्त्यांच्या लॉगिनच्या डिजिटल चाव्या ठेवल्या आहेत, फायरवॉलचे नियम काय आहेत आणि सर्टिफिकेटचे नूतनीकरण कोण करते, हे सर्व लिहून घ्यावे. त्यांना एक प्रश्न आवर्जून विचारावा : सर्व्हर बंद होऊन पुन्हा चालू झाला, तर कोणती सेवा आपोआप उठत नाही? अशा गोष्टी कोणत्याही फायलीत सापडत नाहीत, त्या माणसाच्या सवयीत असतात, आणि माणूस गेला की त्या त्याच्याबरोबर जातात.

आता साधनांकडे वळू. ही नावे एकाच रांगेत उभी केल्यामुळे गोंधळ होतो, कारण त्यांची कामे वेगळी आहेत. रिकामे यंत्र मिळवणे, म्हणजे क्लाउडवर मशिन, नेटवर्क आणि डिस्क मागवणे, हे प्रोव्हिजनिंग असून ते टेराफॉर्म करते. मिळालेल्या यंत्रावर पॅकेजेस, वापरकर्ते आणि सेटिंग बसवणे हे कॉन्फिगरेशनचे काम असून त्यासाठी ॲन्सिबल, पपेट आणि शेफ आहेत. आपल्या प्रोग्रॅमची नवी आवृत्ती त्यावर चढवणे म्हणजे डिप्लॉयमेंट. डॉकर प्रोग्रॅमला त्याच्या गरजेच्या लायब्रऱ्यांसह एकत्र बांधतो, या गाठोड्यातून चालणाऱ्या प्रोग्रॅमला कंटेनर म्हणतात, तर कुबरनेटीस असे अनेक कंटेनर अनेक यंत्रांवर सांभाळतो. मोजक्या सर्व्हरच्या कंपनीने कुबरनेटीसपासून सुरुवात करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे, कारण त्याचीच देखभाल करायला वेगळा माणूस लागतो.

आपण ॲन्सिबलपासून सुरुवात करावी. रॅकवरील सर्व्हर आणि क्लाउडवरील सर्व्हर या दोन्हींना ते सारख्याच रीतीने हाताळते. ज्या यंत्राचे व्यवस्थापन करायचे, त्यावर वेगळा एजंट, म्हणजे सतत चालणारा मदतनीस प्रोग्रॅम, बसवावा लागत नाही. एसएसएचने, म्हणजे दुरून सुरक्षितपणे, लॉगिन होत असेल आणि तेथे पायथन ही प्रोग्रॅमिंग भाषा असेल, तर बहुतेक कामे होतात. ऑफिसचे लॅपटॉप विंडोजचे असतील, तर एवढे लक्षात ठेवावे की ॲन्सिबल चालवणारे यंत्र लिनक्स किंवा मॅक असावे लागते, आणि विंडोजवर त्यासाठी डब्ल्यूएसएल, म्हणजे विंडोजच्या आत लिनक्स चालवण्याची सोय, घ्यावी लागते. रॅकवरील नव्या, कोऱ्या यंत्रावर ऑपरेटिंग सिस्टीम चढवण्याचे काम मात्र ॲन्सिबलच्या आधीचे आहे. उबुंटू सर्व्हरसाठी त्याकरिता ऑटोइन्स्टॉलची फाइल आणि नेटवर्कवरून बूट करण्याची सोय वापरता येते, परंतु वर्षाला एखाद-दुसरे यंत्र येत असेल, तर ते हाताने केले तरी बिघडत नाही.

या साधनांच्या मुळाशी असलेली कल्पना जुनी आहे. ऑस्लो विद्यापीठात मार्क बर्जेस यांनी १९९३ मध्ये सीएफइंजिन लिहिले, २००५ मध्ये पपेट आले, २००९ मध्ये शेफ आणि २०१२ मध्ये ॲन्सिबल. त्या सर्वांमागचा विचार असा की यंत्राला पायऱ्या सांगण्याऐवजी शेवटी स्थिती कशी हवी ते सांगावे, आणि तेथवर पोहोचण्यासाठी काय करायचे ते साधनाने ठरवावे. यातला फरक एका ओळीत दिसतो. समजा, आपल्या सहकाऱ्यांच्या शेल स्क्रिप्टमध्ये, म्हणजे ओळीने चालणाऱ्या आज्ञांच्या फाइलीत, यंत्रांची नावे आणि पत्ते ठेवणाऱ्या होस्ट्स फाइलच्या शेवटी डेटाबेसचा पत्ता जोडणारी ओळ आहे. स्क्रिप्ट तीनदा चालवली, तर पत्ता तीनदा जोडला जातो. पुढे डेटाबेसचा पत्ता बदलला आणि स्क्रिप्ट सुधारून पुन्हा चालवली, तर जुना पत्ता वर आणि नवा खाली, असे दोन्ही त्या फाइलीत राहतात, आणि प्रोग्रॅम जुन्याच पत्त्यावर जात राहतो. ॲन्सिबलच्या लाइन-इन-फाइल या मॉड्यूलला, म्हणजे एका ठरावीक कामासाठीच्या तयार भागाला, आपण त्या नावाची ओळ कशी ओळखायची आणि तिथे काय असावे ते सांगतो. ती तशी असेल, तर ते काही करत नाही. वेगळी असेल, तर बदलते. नसेल, तर जोडते.

म्हणून प्लेबुक, म्हणजे सर्व्हरची हवी ती स्थिती लिहिलेली ॲन्सिबलची फाइल, लिहून झाल्यावर ते लागोपाठ दोनदा चालवावे, असा माझा आग्रह आहे. शेवटी प्ले रीकॅप नावाचा सारांश येतो. पहिल्या वेळी त्यात चेंज्डचे, म्हणजे बदल घडवलेल्या कामांचे, आकडे पिवळ्या अक्षरांत दिसतील. दुसऱ्या वेळी चेंज्डसमोर शून्य आले पाहिजे. शून्य आले नाही, तर कोणते काम दरवेळी बदल करते ते शोधावे. बहुधा तेथे शेल किंवा कमांड हे मॉड्यूल सापडेल, कारण काम आधीच झाले आहे की नाही हे त्यांना आपणहून कळत नाही. नवशिके आपली जुनी स्क्रिप्ट जशीच्या तशी या मॉड्यूलमध्ये कोंबतात आणि ॲन्सिबल शिकल्याचे समाधान मानतात. तसे करू नये. पॅकेज, फाइल, वापरकर्ता आणि सेवा यांसाठी स्वतंत्र मॉड्यूल आहेत, ती वापरावीत. चालू सर्व्हरवर प्लेबुक सोडण्यापूर्वी चेक (प्रत्यक्ष बदल न करता चाचणी) आणि डिफ (फरक दाखवणे) हे दोन पर्याय लावून काय बदलणार आहे ते वाचावे. शेल आणि कमांडची कामे या चाचणीत सहसा वगळली जातात, हे त्यांना टाळण्याचे आणखी एक कारण आहे.

खरी परीक्षा मात्र वेगळीच आहे. तेच प्लेबुक एका कोऱ्या मशिनवर चालवावे आणि आपला प्रोग्रॅम तेथे उठतो का ते पाहावे. आपले सहकारी ऑफिसात असतानाच हे झाले पाहिजे, कारण राहून गेलेल्या गोष्टी नेमक्या याच वेळी बाहेर येतात आणि त्यांची उत्तरे फक्त त्यांच्याकडे असतात. एकदा हे साधले की सर्व फायली गिटमध्ये, म्हणजे प्रत्येक बदलाचा इतिहास राखणाऱ्या साधनात, ठेवाव्यात, पासवर्ड ॲन्सिबल व्हॉल्ट या त्याच्याच सोयीने कूटबद्ध करावेत, आणि त्यानंतर सर्व्हरवर थेट लॉगिन करून सेटिंग बदलण्यास सर्वांना मनाई करावी. वहीतला साठा आणि गोदामातला माल जुळेनासा झाला की वही निरुपयोगी होते, तसेच या फायलींचे होते. रात्री तातडीने हाताने बदल करावाच लागला, तर सकाळी तो प्लेबुकमध्ये लिहावा.

ही शिस्त मोठ्या कंपन्यांपुरती आहे असे आपल्या व्यवस्थापनाला वाटत असेल, तर अमेरिकेतील नाइट कॅपिटलचे उदाहरण त्यांच्यापुढे ठेवावे. या शेअर दलाली कंपनीने २०१२ च्या जुलैअखेरीस ८ सर्व्हरवर नवा कोड चढवला, परंतु त्यांतील एकावर तो चढवायचा राहिला, आणि दुसऱ्या कोणी ते तपासले नाही. १ ऑगस्टला बाजार उघडताच त्या एका सर्व्हरवरचा जुना, वापरातून गेलेला कोड जागा झाला आणि सुमारे ४५ मिनिटांत कंपनीचे ४० कोटी डॉलरहून अधिक नुकसान झाले. आठही सर्व्हर एकसारखे आहेत का, हे पाहणारी एखादी साधी तपासणीही तेथे पुरली असती.

प्रश्न : मी क्लाउडवरील आमचे मशिन टेराफॉर्मने उभे केले आहे. फाइलीत काहीही बदल केला नसताना परवा प्लॅन, म्हणजे काय बदलेल ते आधी दाखवणारी आज्ञा, चालवल्यावर मशिन नष्ट करून नवे बनवले जाईल, असे दिसले. हे कशामुळे झाले असावे? — एक वाचक, वाशी

उत्तर : आपण अप्लाय करण्यापूर्वी, म्हणजे बदल प्रत्यक्ष घडवण्यापूर्वी, प्लॅन वाचलात, हे फार चांगले झाले. आपल्या फाइलीत मशिनची इमेज, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा तयार साचा, थेट क्रमांकाने न देता ‘सर्वांत नवी उबुंटू इमेज घे’ असे लिहिले आहे का, ते पाहावे. तसे असेल, तर नवी इमेज प्रसिद्ध होताच टेराफॉर्मला अपेक्षित स्थिती बदललेली दिसते. चालू मशिनची इमेज बदलता येत नसल्यामुळे ते जुने मशिन मोडून नवे बनवण्याचा प्रस्ताव मांडते. प्लॅनमध्ये अशा ओळीपुढे वजा आणि अधिक ही दोन्ही चिन्हे एकत्र असतात, तर जागच्या जागी होणाऱ्या बदलापुढे लाटेसारखे चिन्ह असते. मशिनबरोबर त्याची मूळ डिस्कही सहसा पुसली जाते, म्हणून त्यावर डेटा असेल, तर तो गेलाच म्हणून समजा.

इमेजचा क्रमांक पक्का लिहावा, किंवा त्या रकान्यातील बदलाकडे दुर्लक्ष करण्याची सूचना त्याच फाइलीतील लाइफसायकलच्या भागात द्यावी. डेटा वेगळ्या डिस्कवर हलवावा, आणि डेटाबेसच्या मशिनला प्रिव्हेंट डिस्ट्रॉय, म्हणजे ते नष्ट होऊ न देणारी सेटिंग, लावावी. प्लॅन फाइलीत साठवून तीच फाइल अप्लायला द्यावी, म्हणजे वाचले एक आणि घडले दुसरे, असे होत नाही. टेराफॉर्मच्या स्टेट फाइलीत, म्हणजे त्याने काय उभे केले याच्या नोंदीत, पासवर्डही उघड्या स्वरूपात उतरू शकतात, म्हणून ती गिटमध्ये न ठेवता मर्यादित प्रवेशाच्या क्लाउड स्टोरेजमध्ये, एका वेळी एकालाच बदल करू देणाऱ्या लॉकच्या सोयीसह ठेवावी. ऑगस्ट २०२३ मध्ये टेराफॉर्मचा परवाना बदलल्यावर त्यातून ओपनटोफू हे साधन वेगळे झाले. वरील सर्व सूचना त्यालाही लागू आहेत.

प्रश्न : मी अभियांत्रिकीच्या शेवटच्या वर्षाला आहे. माझ्याकडे ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप आहे, क्लाउडसाठी पैसे नाहीत. हे घरी शिकता येईल का? — एक विद्यार्थिनी, कळवा

उत्तर : निश्चित येईल. व्हर्च्युअलबॉक्समध्ये, म्हणजे लॅपटॉपवर आभासी मशिन चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, उबुंटू सर्व्हरची दोन मशिन, प्रत्येकी दीड-दोन जीबी रॅमची, एकमेकांना आणि इंटरनेटला पोहोचतील अशा एकाच नेटवर्कवर उभी करा. एकावर ॲन्सिबल बसवा आणि दुसरे कोरे ठेवून त्याचा स्नॅपशॉट, म्हणजे त्या क्षणाच्या स्थितीची नोंद, घ्या. मग एक वापरकर्ता, एनजिनेक्स हा वेब सर्व्हर आणि स्वतःचे एक साधे वेब पान बसवणारे प्लेबुक लिहा. दर वेळी काही बदलले की कोऱ्या स्नॅपशॉटवर परत जाऊन ते पहिल्यापासून चालवा. फुकट असलेली ही सोय ऑफिसातल्या चालू सर्व्हरवर कोणालाच मिळत नाही. मुलाखतीला जाताना या प्लेबुकची गिट रिपॉझिटरी दाखवा, आणि दुसऱ्या वेळी चेंज्डसमोर शून्य का येते, ते स्वतःच्या शब्दांत सांगता येईल इतकी तयारी करा.